चारशे चव्वेचाळीस वाजता भरती

बायको गेल्यावर घरात बोलणारा एक टीव्हीच उरला, आणि त्याचं-माझं कधी पटलं नाही. थळच्या कारखान्यातून मी आधीच निवृत्त झालो होतो. शेजारची दोन्ही घरं पाडून मुंबईकरांनी बंगले बांधलेत. शनिवारी गाड्या येतात, रविवारी दुपारी फाटकांना कुलपं लागतात. माझी एकुलती एक मुलगी बेंगळुरूला कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. तिचा फोन रविवारी संध्याकाळी. "पप्पा, वेळेवर जेवता ना? गोळ्या?" मी हो म्हणायचो. मग दोघंही गप्प, आणि ती म्हणायची, "चला, ठेवते."

मला तिच्याशी नीट बोलायचं होतं, एवढंच. पण तिच्या कामातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून तिचा जुना लॅपटॉप माळ्यावरून खाली काढला आणि पायथन ही प्रोग्रॅमची भाषा शिकायला बसलो.

शिकवणारा पोरगा व्हिडिओत. दर वाक्याला "गाइज, गाइज" करायचा. इकडे गाइज कुठले, मी एकटाच. सारखा थांबवून त्याला मागे न्यायचो आणि मोठ्याने शिव्या घालायचो. तेवढाच घरात आवाज.

तो म्हणाला, रोजच्या कामाचं काहीतरी स्वतः बनवा. मला भरतीची वेळ आठवली. आमचा बा होडी घेऊन मासेमारीला जायचा. हातात घड्याळ नाही, पण तिथी तोंडपाठ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. "चौथ हाय ना? मंग तीनला भरती," म्हणायचा, आणि तीनला पाणी चढलेलं असायचं. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं. यंत्राला हे जमायला हरकत नव्हती. आधी नुसता गुणाकार बघू म्हटलं. प्रोग्रॅमने तिथी विचारली, मी चार लिहिले. बारा यायला हवे होते. पडद्यावर आलं ४४४.

मी खो खो हसलो. चारशे चव्वेचाळीस वाजता भरती! बा असता तर होडीतच लोळला असता. हसता हसता सवयीने स्वयंपाकघराकडे मान वळवली, आणि हसू जागच्या जागी विरलं. सांगायला कोणी नव्हतं.

मग ठरवलं, हे रविवारी मुलीला विचारायचं. सगळा आठवडा हुरूप होता. पण शुक्रवारी दुपारी चूक माझी मलाच सापडली. कीबोर्डवरून आलेला चार यंत्राला आकडा वाटत नाही, नुसतं अक्षर वाटतं. ते बिचारं तीनने गुण म्हटल्यावर तेच अक्षर तीनदा लिहून मोकळं होतं. त्याला आधी सांगावं लागतं, बाबा रे, हा आकडा समज. सांगितलं, आणि भरती बरोबर तीनला आली. आनंद झाला, नाही असं नाही. पण मग रविवार आठवला. आता तिला विचारू काय? मी केलेली दुरुस्ती पुसली आणि चूक होती तशी परत घातली.

रविवारी फोन आला. मी सगळं सांगितलं, प्रोग्रॅमचा फोटोही पाठवला. तिने पाहिला न पाहिला. "अहो, इनपुटला इंट लावा, म्हणजे तो आकडा धरेल. झालं." माझा अख्खा आठवडा तिने एका दमात निकालात काढला.

मी बरं म्हणालो. तिला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "पण पप्पा, भरतीची वेळ कशाला हवीय तुम्हाला? आजोबांची होडी तर कधीच विकली."

"वेल कोणाला पायजे गो," मी म्हणालो. "तुझ्याशी बोलाया कायतरी पायजे व्हतं."

तिकडून आवाज येईना. आमच्या घरात रेंजचा भरवसा नाही, फोन मध्येच तुटतो. मी चपला न घालताच अंगणात आलो, विहिरीच्या कठड्यापाशी उभा राहिलो आणि फोन डोळ्यांसमोर धरला. रेंज पुरी होती. वरचे सेकंद पुढे सरकत होते. ती फोनवरच होती, आणि या वेळी "ठेवते" म्हणत नव्हती.