कमल कुठे आहे?

"कमल कुठे आहे, असं विचारलं हो त्यांनी," वसंतराव म्हणाले आणि एक छापील कागद माझ्या टेबलावर ठेवला.

मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून ते थेट माझ्या ऑफिसात आले होते. बरोबर पत्नी शेवंताबाई आणि मुलगी मनीषा. तिघांचे पासपोर्ट तिघांच्या हातात होते. म्हणजे व्हिसा झाला नव्हता. व्हिसा मंजूर झाला की पासपोर्ट तेच ठेवून घेतात.

ही २००१ सालची गोष्ट. नाशिक रोडला स्टेशनजवळ माझं छोटं ऑफिस होतं. परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज भरणं, कागद जमवणं आणि क्रमाने लावणं हे माझं काम. मी वकील नाही. व्हिसा देणं माझ्या हातात नाही, हे मी प्रत्येकाला पहिल्या भेटीतच सांगत असे. माझ्या हातात यादी असते. माझी यादी बावीस कलमांची होती आणि तिचा मला अभिमान होता.

वसंतराव माळोदे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर. त्यांची थोरली बहीण सुनंदा लग्नानंतर नवऱ्याबरोबर न्यू जर्सीला गेली आणि पुढे तिथली नागरिक झाली. इथे थोडा खुलासा करते. ग्रीन कार्ड म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी. सिटिझनशिप म्हणजे नागरिकत्व. ग्रीन कार्ड असलेल्याला भावंडांना बोलावता येत नाही, नागरिकाला येतं. त्यासाठी त्याने तिथून अर्ज करायचा. त्या अर्जाला पिटिशन म्हणतात. मग रांग. अर्ज ज्या तारखेचा, तो तुमचा नंबर. भावंडांची रांग सगळ्यात लांब. सुनंदाताईंनी अर्ज केला तेव्हा मनीषा दुसरीत होती. नंबर लागला तेव्हा ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

खरी अडचण तिथेच होती. आईवडिलांच्या फाइलमध्ये मुलं जाऊ शकतात, पण एकवीस पूर्ण व्हायच्या आत. त्या वेळच्या नियमाप्रमाणे वाढदिवसाच्या आधी नुसता व्हिसा मिळून भागत नसे, विमानातून तिथे उतरावं लागे. मनीषाला नोव्हेंबरात एकवीस पूर्ण होणार होती. आता ऑगस्ट संपत आला होता.

"पोरीला सोडून आम्ही नाय जायचो," शेवंताबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. "बारा वर्सं थांबलो ते काय दोघांनीच जायला?"

मी कागद वाचला. 'अर्जदार व तिचा भाऊ यांच्यातील नात्याचा अधिक पुरावा आणावा.'

"नीट सांगा. काय काय विचारलं?"

वसंतरावांनी खुर्ची पुढे ओढली. "ती गोरी बाई म्हणाली, तुमच्या बहिणीचा शाळेचा दाखला आहे कमल तुकाराम माळोदे नावाचा. अमेरिकेत आहे ती सुनंदा मधुकर राऊत. मग कमल कुठे आहे? मी म्हटलं, कमल म्हणजेच सुनंदा. लग्नात नाव बदललं. ती म्हणाली, कोणत्या कोर्टात?"

"मग?"

"मी म्हटलं, कोर्टात नाही, ताटात."

मनीषाने कपाळाला हात लावला. "दुभाषी हसला, मॅडम. ती नाही हसली."

वसंतराव चुकीचं काहीच बोलले नव्हते. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यावर नाव लिहितो, आणि घरातली कमल सुनंदा होऊन उठते. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात होतो. कागद कुठेच नसतो.

"लग्नपत्रिका दाखवली ना? त्यात कमल आणि मधुकर आहे."

"दाखवली. ती म्हणाली, ह्यावरून मधुकरने कमलशी लग्न केलं एवढं कळतं. नंतर कमल वारली असेल आणि त्याने सुनंदाशी दुसरं लग्न केलं असेल, तर?"

"आग लागो तिच्या तोंडाला," शेवंताबाई म्हणाल्या.

मला मात्र त्या ऑफिसर बाईचा राग आला नाही. शंका रास्त होती. लग्नाचा फोटो होता, पण मुंडावळ्या बांधून मान खाली घातलेली नवरी कोणीही असू शकते. लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. आईवडील हयात नव्हते. वसंतरावांचं प्रतिज्ञापत्र होतं, पण ते याच वर्षी केलेलं आणि ज्याचा फायदा होणार त्यानेच केलेलं. रक्ताची तपासणी असते, पण ती आई-मुलाच्या नात्यात जितकी खात्रीने बोलते तितकी भावंडांच्या बाबतीत बोलेलच असं नाही, आणि तिला वेळ लागतो. हवा होता जुना कागद. त्याच काळात लिहिलेला, आणि ज्याला या व्हिसाशी काही देणंघेणं नाही अशा माणसाकडे राहिलेला.

आणि चूक माझी होती. बावीस कलमांत 'लग्नात पहिलं नाव बदललं का' हा प्रश्न नव्हता. मी स्वतः माहेरची शैला, सासरची अपर्णा. वीस वर्षं अपर्णा म्हणून सह्या करते आहे. आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट आपण कोणाला विचारत नाही, तसं झालं होतं.

मी मनीषासाठी दुसरे मार्ग कागदावर मांडले. स्टुडंट व्हिसा: तिथल्या कॉलेजात प्रवेश आणि फी भरायची ऐपत दाखवावी लागते; दोन्ही नव्हतं. कामाचा व्हिसा: आधी पदवी, मग बोलावणारी कंपनी. आईवडिलांनी पुढे जाऊन तिला मागून बोलावणं: पुन्हा रांग, पुन्हा कितीतरी वर्षं. एकेका ओळीवर मी काट मारली. शेवटी कागदावर नुसत्या रेघाच उरल्या.

"सुनंदाताईंच्या सासरकडे काही जुनं असेल का?" मी विचारलं. "रेशन कार्ड, पत्रं?"

"अकोटचं घर कधीच विकलं त्यांनी," वसंतराव म्हणाले. "मधुकररावांचे वडील वारले, अस्थी घेऊन इथे रामकुंडावर आले, आमच्याकडेच उतरले, आणि मग वर्षभरात दोघं अमेरिकेला."

शेवंताबाईंनी मान वर केली. "रामकुंडावर आले ना? मग गुरुजींच्या वहीत असंल की."

"आपण गावातलेच. आपलं नाव कशाला वहीत?"

"तुमचं नाय हो! राऊतांचं. ते बाहेरगावचे ना?" त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, मी सकाळी तिथंच फुलं इकते. येतो त्याच्याकडून गुरुजी लिहून घेत्यात. गाव सांगा, आडनाव सांगा, की पणजाचं नाव काढून देत्यात."

मी नाशिकची. वह्यांबद्दल ऐकलं होतं, पाहिली एकही नव्हती. खरं सांगायचं तर मला ती देवाधर्माची गोष्ट वाटे. पुरावा म्हणून तिचा विचारही मनात आला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंचवटीत गेलो. अकोटची यजमानकी कोणाकडे, म्हणजे तिथून येणाऱ्यांची वही कोणते गुरुजी ठेवतात, हे दोन ठिकाणी विचारल्यावर कळलं. एका गल्लीतल्या पहिल्या मजल्यावर सत्तरीचे एक गुरुजी चष्मा पुसत बसले होते. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या.

"आडनाव?"

"राऊत."

"गाव?"

"अकोट."

"शेवटी कोण आलं होतं, कशासाठी?"

"मधुकर. वडिलांच्या अस्थी घेऊन. तीस वर्षं झाली."

ते आतल्या खोलीत गेले. दारातून मला दिसलं. जमिनीपासून तुळईपर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या. चिठ्ठी नाही, नंबर नाही. गुरुजींनी हात वर केला, एक बासन काढलं, परत ठेवलं, त्याच्या शेजारचं काढलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माझ्या ऑफिसात फाइलींना रंगीत पट्ट्या होत्या, कॉम्प्युटरवर सूची होती, आणि तरी मागच्या वर्षीचा एखादा कागद काढायला मला अर्धा तास लागायचा.

त्यांनी बासन सोडलं आणि पानं उलटत गेले. आधी मोडी, मग बाळबोध. बोरूची शाई, मग टाकाची, मग फाउंटन पेनची. "हा मधुकरचा पणजा. हा आजा, ही त्याची सही. हा अंगठा त्याच्या भावाचा." माणसं एकापाठोपाठ एक येऊन त्या पानावर बसत होती, दर वेळी कोणीतरी गेल्याचं सांगायला. मग एका पानावर बोट थांबलं.

'मधुकर नामदेव राऊत, राहणार अकोट. वडिलांच्या अस्थी घेऊन आलो. सोबत आई गंगूबाई, पत्नी सुनंदा, माहेरचे नाव कमल, वडील तुकाराम बाबूराव माळोदे, राहणार मखमलाबाद. मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८९३. स्वदस्तुर.'

वसंतरावांनी वडिलांच्या नावाला हात लावला आणि पटकन मागे घेतला.

"सुनेच्या बापाचं नाव का लिहून घेता?" मी विचारलं.

"लागतं ना," गुरुजी म्हणाले. "उद्या हिचा मुलगा श्राद्धाला बसेल. त्याला आईच्या बापाचं नाव घ्यावं लागतं. त्या वेळी तो कोणाला विचारणार? म्हणून लग्न झाल्यावर पहिल्यांदा सून आली की माहेर लिहूनच घ्यायचं. जुनं नाव, नवं नाव, दोन्ही."

कॉन्सुलेटच्या ऑफिसरला जे हवं होतं, ते गुरुजींच्या घराण्यात शेकडो वर्षं विचारलं जात होतं. तेही कोणाचा संशय न घेता.

"गुरुजी, वही दोन दिवसांसाठी मुंबईला न्यायची आहे."

"वही या घराबाहेर जात नाही."

"निदान समोर झेरॉक्सला?"

"बाई, माझे वडील पुरात गळ्याएवढ्या पाण्यातून ह्या वह्या डोक्यावर घेऊन निघाले. ते काय झेरॉक्सला द्यायला?"

मी कागद घेऊन नवी यादी केली. फोटोग्राफरला तिथे बोलावलं. गुरुजींनी दुसऱ्या घराण्यांचे लेख कोऱ्या कागदाने झाकले आणि मगच फोटो काढू दिला. त्यांचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर झालं. नोटरी जिना चढून आले. तिथीची इंग्रजी तारीख गुरुजींनीच काढून दिली. मधुकररावांच्या जुन्या पासपोर्टावरच्या सहीची प्रत मी न्यू जर्सीहून मागवली आणि वहीतल्या सहीशेजारी लावली. भाषांतर मी स्वतः केलं. 'स्वदस्तुर' म्हणजे आपल्या हाताने लिहिलेलं, एवढं सांगायला मला एक पूर्ण वाक्य लागलं.

ऑक्टोबरच्या मध्याला तिघांना पुन्हा बोलावलं. मला आत जाता येत नव्हतं. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. दोन तासांनी तिघं बाहेर आले आणि मी आधी त्यांचे हात पाहिले. रिकामे होते.

"तीच बाई होती," मनीषा सांगायला लागली. "फोटो बघतच राहिली. दुसऱ्या ऑफिसरला बोलावून दाखवला. मग बाबांना विचारलं, असं किती लोकांचं लिहिलेलं आहे?"

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, जे जे आले त्यांचं सगळ्यांचं," वसंतराव म्हणाले.

मनीषा एकविसाव्या वाढदिवसाच्या नऊ दिवस आधी न्यू जर्सीला उतरली. पोहोचल्याचा फोन शेवंताबाईंनी केला. त्यांची तक्रार एवढीच होती, की तिथल्या झेंडूला वास नाही.

माझी यादी आता तेवीस कलमांची आहे. नवं कलम मी तळाशी घातलं नाही. ते पहिलं आहे: 'या घरात कोणाचं नाव बदललं आहे का?' दहांतले नऊ जण आधी नाही म्हणतात. मी पेन खाली ठेवते आणि थांबते. थोड्या वेळाने बायको नवऱ्याकडे बघते आणि म्हणते, "अहो, माझं."