फाटककाका आणि वाया जाणारं वर्ष

फाटककाकांच्या खांद्याला लहान मुलांची लाल पाण्याची बाटली लटकलेली असे. बँकेत हिशेब तपासणारा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारा, चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि कमरेशी आपटणारी ती बदकाचं चित्र असलेली बाटली. फाटक हे त्यांचं आडनाव नव्हे. बहारीनच्या मनामा शहरातल्या आमच्या इमारतीने त्यांना ते नाव दिलं, कारण शाळा सुटायच्या वेळी ते कुठल्या ना कुठल्या शाळेच्या फाटकाशी उभे दिसत.

बाटली त्यांनी सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, आणली ती त्यांच्या मुलीसाठी, नमूसाठी. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर नमू पाच वर्षांची होती आणि आईबरोबर चिपळूणला राहत होती. काकांचा पगार फॅमिली व्हिसाला पुरेसा होता, फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती. "चांगली शाळा मिळाली की दोघींना आणतो," ते म्हणत. त्यात खोटं काही नसे, दर वेळी ते मनापासूनच म्हणत.

"शाळा बघावी ती पाण्यावरून," हे त्यांचं आवडतं वाक्य. बहारीनमध्ये नळाचं पाणी मचूळ, प्यायचं वेगळं विकत घ्यावं लागे. काका शाळेत शिरून शिपायाकडून बाटली भरून घेत, एक घोट तोंडात घोळवत आणि मान हलवत. पोरांना गोडं पाणी देणारी शाळा पोरांचा विचार करते, एवढं त्यांचं साधं गणित. सलमानियाजवळच्या शाळेचं पाणी गोडं, पण वर्गात दाटी. सूकमागच्या शाळेत बाई चांगल्या, पण पटांगण नाही. अरादची सरकारी अरबी शाळाही त्यांनी बघायची सोडली नाही. "शाळा म्हणून पहिला नंबर तिचाच," ते म्हणाले. "पण नमू घरी येऊन सांगेल काय, आणि मला कळेल काय?"

शाळेच्या बसमध्ये दुपारचं ऊन कुठल्या बाजूला येतं हेसुद्धा त्यांनी पाहून ठेवलं होतं. सावलीच्या बाजूची, चालकामागची खिडकी नमूची, असं त्यांनी आमच्या मुलांना सांगितलं. मुलांनी ते मनावर घेतलं. नमूला कोणी पाहिलं नव्हतं, तरी वरच्या मजल्यावरच्या देसाईंचा मुलगा त्या जागेवर कुणाला बसू देत नसे. "दॅट्स नमूज सीट," तो सांगे. बस अर्धी भरलेली असली की ती जागा रिकामीच जाई.

नवीन आलेली कुटुंबं सल्ल्यासाठी काकांकडेच येत. त्यांच्या शब्दावर कितीतरी मुलांची नावं घातली गेली. देसाईवहिनी त्यांची थट्टा करत. "काका, इतकी स्थळं बघितलीत, आता एकदा लग्न लावून टाका की!"

"स्थळं चांगली आहेत हो, वहिनी. मुहूर्त जुळत नाही."

मुहूर्ताची अडचण खरी होती. इथल्या आपल्या भारतीय शाळांचं नवं वर्ष एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होई. चिपळूणची वार्षिक परीक्षा संपायची एप्रिलअखेर. परीक्षा सोडून आणावं तर तिकडचं वर्ष वाया, परीक्षा देऊन आणावं तर इकडचं. "पोरीचं वर्ष वाया घालवायचं नाही," काका म्हणत, आणि त्यावर आमच्यापैकी कुणीही त्यांना वेड्यात काढलं नाही. आमच्या घरांत वर्ष वाया जाणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. काका पुढच्या एप्रिलची तयारी करत. तोवर एखाद्या शाळेत नवी हेडमिस्ट्रेस येई, एखाद्या शाळेचं पाणी बदले, आणि सगळी तुलना पहिल्यापासून सुरू होई.

ऐंशीनंतरच्या एका मे महिन्यात नमू आली. सुट्टीपुरती, व्हिजिट व्हिसावर, आईबरोबर. देसाईवहिनींनी सगळ्यांना चहाला बोलावलं होतं. उंच, दोन वेण्यांची, शांत मुलगी. आमची मुलं दाराशी उभी राहून तिच्याकडे बघत होती. त्यांच्या नमूचा आणि हिचा मेळ त्यांना लागत नव्हता.

काकांनी घड्याळ पाहिलं आणि बाटली तिच्यापुढे धरली. "चल नमू, शाळा सुटायची वेळ झाली. तुला दाखवतो."

"आता कशाला, बाबा?" ती हसली. "मी आठवीत जाणार. ही तर छोट्या मुलांची आहे."

ती काही टोचून बोलली नव्हती. काकू खाली बघत बशीतली चकली मोडत राहिल्या. काकांनी बाटलीचा पट्टा खांद्यावर चढवला आणि ते एकटेच खाली उतरले.

मायलेकी महिन्याभराने परत गेल्या. त्यानंतर कुणी शाळांबद्दल विचारलं की काका तुलना करत नसत. एक तरुण इंजिनिअर विचारायला आला तेव्हा ते दारातच म्हणाले, "कुठलीही. वर्ष वाया गेलं तर जाऊ दे. पोर आण. यल्ला, चल, नीघ!" आणि दार लावून घेतलं. फाटकाशी जाणं मात्र थांबलं नाही. बँक सुटली की ते सलमानियाच्या शाळेशी जाऊन उभे राहत, बाटली भरलेली, नजर मुलं उतरतात त्या पायऱ्यांवर. शेवटचं मूल गेलं की बाटलीतलं पाणी फाटकाशेजारच्या झाडाला घालत आणि निघत.

काही वर्षांनी त्यांची नोकरी संपली. विमानतळावर आम्ही तिघे-चौघे सोडायला गेलो होतो. सामान थोडं होतं. बाटली त्यांनी हातात घेतली होती.

पुढच्या आठवड्यात मी माझ्या मुलीला आणायला सलमानियाच्या शाळेत गेलो. तिथल्या म्हाताऱ्या बलुची पहारेकऱ्याने मला थांबवलं.

"वो लाल बोतलवाले साहब नहीं आते?"

"मुल्क गए. नौकरी खलास."

तो जवळ सरकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "इतने साल रोज़ आते थे. मैंने उनकी बच्ची को निकलते कभी नहीं देखा. साहब, कौन-सी क्लास में थी?"

मी माझ्या मुलीचा हात धरला. पटांगण रिकामं झालं होतं. फाटक लावण्याआधी पहारेकरी एकदा आत वळला आणि कुणी उतरायचं राहिलं असल्यासारखा पायऱ्यांकडे बघत उभा राहिला.