पलीकडच्या काठावरचा बेपत्ता इसम

ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. मी तेव्हा केळापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतलं शेवटचं गाव पैनगंगेच्या काठावर, पलीकडे तेलंगणा. गाव लहान, पण बंजाऱ्यांचा तांडा, कोलाम आदिवासींची वस्ती म्हणजे पोड, आणि चार तेलुगू घरं. भांडण मराठीत, शिव्या तेलुगूत आणि रडणं ज्याचं त्याच्या बोलीत.

एका सकाळी खबऱ्याचा फोन आला. तांड्यातल्या एकाच्या शेतात शेततळं खोदताना माणसाची हाडं निघाली होती. त्याचा थोरला भाऊ काही वर्षांपासून बेपत्ता, आणि जमीन हाच कसत होता. आणखी काय पाहिजे? पंचनामा केला, हाडं तपासणीला नागपूरला धाडली आणि धाकट्याला ठाण्यात आणलं.

"साहेब, भाऊ हाये तो माहा! त्याले मी कायले मारीन?" एवढंच तो सांगायचा. असं सगळेच सांगतात. अहवालाला वेळ लागणार होता, पण तांड्यानं निकाल देऊनच टाकला होता. धाकट्याच्या बायकोला कोणी हातपंपावर उभं राहू देईना.

बेपत्ता माणसाच्या बायकोचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. मूलबाळ नाही, एकटीच राहायची. खाट टाकली, काळा चहा दिला. कप देताना तिच्या दंडातल्या पांढऱ्या बांगड्या दिसल्या. जुन्या वळणाच्या बंजारा बायका नवरा गेला की त्या उतरवतात. सगळा तांडा त्याला मेला म्हणत होता आणि या बाईनं त्या उतरवल्या नव्हत्या!

"बाई, या कोणासाठी?"

बांगड्यांवर पदर ओढत ती म्हणाली, "जिता हाय तो. पलीकडं. दुसरी केली त्यानं, लेकरं हायेत. सांजच्याला तो बैलं पाण्यावर आणते. माहं धुणं इकडं असते."

"बोलता?"

"नाही. नुसतं पाह्यनं."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुमी धरून आणलं असतं. मंग तो घाटावर कायले येईन?"

"अगं, दीर जन्मभर आत जाईल तुझा!"

"म्हनून तं सांगतलं."

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या ठाण्याला कळवून आम्ही नदी ओलांडली. पाणी गुडघाभरही नव्हतं. तो बैलं घेऊन आला आणि मुकाट्यानं सोबत निघाला. ठाण्यात धाकट्यानं आधी त्याच्या थोबाडीत मारली, मग गळ्यात पडला. तिथं बोलावलेल्या आपल्या बायकोकडे मात्र थोरल्यानं मान वर करून पाहिलं नाही. तिनं तक्रार दिली नाही. जबाब घेऊन आम्ही त्याला सोडलं. हाडं फार जुनी निघाली. त्या शेतात पूर्वी कोलामांची दफनभूमी होती.

पुढे गस्तीवर असताना ती घाटावर दिसली. बांगड्या तशाच. समोरचा काठ रिकामा. लाजेनं तो बैलं दुसरीकडे नेऊ लागला होता.

"साहेब," ती धुणं आपटत म्हणाली, "तुमाले सापडला, अन् माहा हरपला."

माणूस मिळाला की प्रकरण संपलं, असं आम्हा पोलिसांना वाटतं. आता निवृत्तीनंतर यवतमाळच्या घरात मी एकटाच असतो. बायको जाऊन काही वर्षं झाली. समोरच्या गॅलरीत संध्याकाळी एक गृहस्थ येऊन बसतात. आमची ओळख नाही. पण ते दिसले नाहीत की माझा चहा कपातच गार होतो, आणि मी त्यांचं नाव मुद्दाम विचारत नाही.