आत्याचं पान

छापखान्यात सगळ्या बायकाच. कुणी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारी, कुणी शाईवाली, कुणी बांधणीवाली. सगळ्यांत थोरली आत्या. ती कुणाचीच आत्या नव्हती. साहित्याची पदवी घेऊन नुकत्याच आलेल्या धाकटीला सगळ्या ‘बीए’ म्हणायच्या. त्यात कौतुक किती नि टोमणा किती, हे तिला अजून उमगलं नव्हतं.

आत्याने उभा जन्म दुसऱ्यांचे शब्द जुळवले. छापून झालं की जुळवलेलं पान सोडायचं, खिळा न् खिळा आपापल्या खणात टाकायचा, मगच घरी. खिळे मोजकेच. ते अडकून पडले तर पुढचं पान जुळायचं कशातून?

यंदा प्रथमच बायका स्वतःचं पुस्तक काढत होत्या. प्रत्येकीचं एक पान, स्वतःबद्दल. नको-नको म्हणत आत्याही एकदाची जुळवायला बसली, पण कुणाला जवळ फिरकू देईना. बीएला जाता-जाता शिशातली एकच उलटी ओळ वाचता आली.

छपाईच्या सकाळी आत्याचं पान जागेवर नव्हतं. ते बांधायची सुतळी तेवढी टेबलावर, नीट गुंडाळलेली. खिळे खणांत परत. तेही छापण्याआधीच.

शाईवाली म्हणाली, हात सवयीने चालले असतील. बांधणीवालीच्या मते म्हातारी ऐन वेळी लाजली. खुद्द आत्या रूळ पुसता पुसता म्हणाली, जुळवून बघितलं, झालं की.

बीएला काहीच कळेना. मग तिला आठवलं. खिळे संपले म्हणून काल कुरकुर केली होती ती तिनेच. तिचं पान सगळ्यांत लांबलचक. आणि आज सकाळी खण भरलेले दिसताच, कुणाला न विचारता तिने ते पुरं करून टाकलं होतं.

खरंच आत्याने तिच्यासाठी पान सोडलं होतं का? विचारायचं तरी कसं?

तिने आपल्या पानाचा शेवटचा परिच्छेद सोडला. त्याच खिळ्यांतून आत्याच्या पानातली आठवणारी ओळ जुळवली: ‘सगळ्या जेवायला बसल्या की मी मशीनशी बोलते.’

आत्या चष्मा सावरत वाकली.

“हे मी लिहिलं नव्हतं गं.”

“मग काय लिहिलं होतंस?”

दोन शब्दांमधली फट तेवढी आत्याने बोटाने नीट केली.

“राहू दे. बाकीचं पान कोरं ठेव.”

“खाली तुझं नाव घालू?”

“खिळे उरलेत का बघ आधी.”

ती चेष्टा करतेय की खरंच विचारतेय, हे बीएला कळेना. ती खणांकडे वळली.