कोळिणीशी मराठी

रायपूर राजधानी झाल्यावर आमचे शेजारी भोपाळहून बदलून आले, ते काचेच्या पेटीत टॅरंटुला घेऊनच. तळहाताएवढी केसाळ कोळीण. घरचे मराठी, पण बायकोमुलांशी हिंदीच. मराठी फक्त पेटीपुढे.

भर मे महिन्यात एकदा गेलो, तर कोळीण उताणी पडलेली.

“मेली वाटते,” मी म्हणालो.

“नहीं भैया, चमड़ी बदल रही है.” तिला हादरे बसू नयेत म्हणून त्यांनी कूलर बंद केला आणि घामाघूम होत पेटीवर वाकले. “घाबरू नको माय, मी आहो ना इथं.”

“तिच्याशीच मराठी काहून बोलता?”

“बच्चे मराठी का जवाब हिंदी में देते थे. ये कम से कम चुप रहती है.”

मी मराठीतच विचारलं होतं.