बेटेगावची पलटण

जगात घरमालक पुष्कळ आहेत, पण दर रविवारी सकाळी भाडेकरूंना ओट्यावर ओळीने बसवून त्यांचे तळपाय तपासणारा घरमालक उभ्या हिंदुस्थानात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला होता. बोईसरहून बेटेगावकडे जाताना रस्त्याच्या कडेला त्यांच्या सहा खोल्या होत्या आणि त्यांत आम्ही आठ जण राहत होतो. काही बिनलग्नाचे, काहींची लग्नं झालेली पण बायका गावी. सगळे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कापड रंगवायच्या कारखान्यात. दिवसभर रबरी बूट घालून ओल्यात उभं राहिल्यामुळे आमच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत. हे आमचे घरमालक, सुभेदार, गुडघ्यांवर बसून एकेक पाय हातात घेत, नालबंद घोड्याचा घेतो तसा, आणि कसलंसं जांभळं औषध लावत. मी कारखान्यात केमिस्ट; पहिल्याच रविवारी लाजून पाय मागे ओढला. म्हटलं, "अहो, तुम्ही वडीलधारे, माझ्या पायाला कसले हात लावता?" तर म्हणाले, "केमिस्ट, तोंड बगून काय कळतं? तोंड खोटं बोलतं. पाय दाखव." कारखान्यात एकदा आम्हा सगळ्यांची जांभळी बोटं बघून फोरमनने रंगाची कुठली टाकी गळते म्हणून अर्धा दिवस शोध घेतला होता.

सुभेदार ही पदवी आमची. खरं तर ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण असा माणूस नुसता हवालदार असणं आम्हाला पटेना, म्हणून आम्हीच त्यांना बढती दिली. त्यांना ते अजिबात आवडत नसे. "हवालदार हाय मी. खोटा हुद्दा लावू नका," असं ते दर वेळी बजावत, आणि पुढच्याच क्षणी "सुभेदार!" अशी हाक आली की "काय?" म्हणून वळत. पहाटे पाचला त्यांची शिट्टी वाजे. नळावर बादल्या उंचीप्रमाणे लावायच्या. भांडायचं असेल तर अंगणात, उघड्यावर, आणि भांडून झाल्यावर दोघांनी मिळून अंगण झाडायचं. या कायद्यामुळे आमच्यातली भांडणं कमी झाली असं मात्र नाही. अंगण तेवढं स्वच्छ राहिलं.

लढाईच्या गोष्टी सांगा म्हणून आम्ही मागे लागत असू. माणूस एकाहत्तरच्या लढाईत होता, छातीवर लावायचं पदक ट्रंकेत होतं. पण ते सांगत ते नदी ओलांडायला नकार देणाऱ्या एका खेचराबद्दल, नाहीतर भाताची खीर करताना साखरेऐवजी मीठ घालणाऱ्या भटारखान्यातल्या शिपायाबद्दल. "आणि गोळीबार, सुभेदार?" असं कुणी विचारलंच तर म्हणत, "तो व्हता की. त्यात सांगण्यासारकं काय हाय?" गाव त्यांचं एडवण. तिथे भावाची वाडी, नारळी, सुपारी, समुद्राचा वारा, सगळं होतं. बायको मात्र ते सरहद्दीवर असताना गेली, आणि तार पोचली तेव्हा दिवसही होऊन गेले होते. पेन्शनवर आल्यावर चार-सहा महिने ते तिथे राहिले आणि एक दिवस ट्रंक उचलून इकडे आले. का, ते कुणी विचारलं नाही. त्यांच्या खोलीत एक खाट, एक ट्रंक आणि एक स्टोव्ह. कामावरून आमच्यातला शेवटचा माणूस परतल्याशिवाय तो स्टोव्ह पेटत नसे. अंगणात खुर्ची टाकून ते रस्त्याकडे बघत बसायचे. एकदा मी म्हटलं, "सुभेदार, जेवून घ्या हो, उशीर होतोय." तर म्हणाले, "भूक नाय अजून." अंगणात पाऊल टाकणाऱ्या शेवटच्या माणसाबरोबर ती कशी येते, हे आम्हाला ठाऊक होतं.

मग आमच्या कारखान्याला टाळं लागलं. आधी आठ दिवसांत उघडेल म्हणत होते, मग पंधरा, मग कुणीच काही म्हणेना. पाचची शिट्टी झाली तरी आम्ही दुपारपर्यंत लोळू लागलो. पत्ते आले, पत्त्यांपाठोपाठ चिडचिड आली. असं लोळण्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी शिट्टी वाजली आणि सुभेदार पहार घेऊन अंगणात उभे. म्हणाले, "इथं विहीर खोदायची." आम्ही म्हटलं, इथे तर काळा कातळ आहे. "मंग लौकर सुरू करा," ते म्हणाले आणि स्वतः पहिला घाव घातला. आम्ही थोडा वेळ काठावर उभे राहून त्यांची गंमत बघितली. पण म्हातारा थांबेना. शेवटी लाजेकाजेने एकेक जण उतरला. रोज सकाळी दोघांनी खोदायचं, दोघांनी माती काढायची, दोघांनी चूल सांभाळायची, उरलेल्यांनी वाणगावच्या बाजूला शेतावर मिळेल ते काम बघायचं. पाळी संध्याकाळी सांगितली जाई आणि ती चुकवायची सोय नव्हती.

आमच्यात जळगावकडचा पाटील नावाचा फिटर होता. दणकट गडी, पण एक दिवस त्याला गावाहून निरोप आला की बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. तो भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला तो उठेचना. जेवेना, बोलेना. आम्ही सगळे त्याच्याभोवती जमून "होईल रे सगळं नीट" असं एकामागून एक म्हणत होतो. सुभेदार आले आणि आमच्यावरच खेकसले, "बाहेर व्हा सगले. घाबरल्या माणसाला धीर नाय देत, काम देतात." मी दारातच रेंगाळलो. ते खाटेच्या पायथ्याशी बसले.

"पाटील, एक अडचण हाय."

पाटलाने चादर डोक्यावर ओढली.

"हल्ली मला सकालची जाग येत नाय. वय झालं. तू उठवशील?"

पाटील या कुशीवर वळला. "तुम्हाला? तुम्ही तर पाचला शिट्टी वाजवता."

"तीच तर पंचाईत हाय. उद्या कोण वाजवनार?" असं म्हणून त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि त्याच्या उशाशी ठेवली.

माझी खोली त्यांच्या शेजारची, मध्ये कुडाची भिंत. दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीसारखे चारलाच जागे झाले. मला त्यांचा दाबून धरलेला खोकला ऐकू येत होता. कूस बदलताना खाट वाजली की ते पुन्हा निपचित पडत. पाच वाजून गेले. त्यांच्याइतकीच धाकधूक मलाही वाटत होती. अखेर फरशीवर पावलं वाजली, दार ढकललं गेलं आणि पाटलाचा घोगरा आवाज आला, "सुभेदार, उठा."

"आँ? उजाडलं काय?" सुभेदार म्हणाले. इतका वाईट अभिनय मी जन्मात ऐकला नव्हता.

पाटलाला कळलं असेल का? मला वाटतं, कळलं असावं. पण कारखाना उघडेपर्यंत तो रोज त्यांना उठवत राहिला आणि ते रोज झोपेचं सोंग करत राहिले.

पुढे एकदा खड्ड्यात आम्ही दोघंच असताना मी विचारलं, "ही युक्ती कुठली?" ते पहारीवर हात टेकून थांबले. म्हणाले, "आमचा साहेब पडला त्या दिसाची. पोरं घाबरली व्हती. मी पन घाबरलो व्हतो. एकाला सांगितलं, माजी पाण्याची बाटली सांबाल, माजा हात कापतो. त्याला वाटलं, हवालदाराला माजी गरज हाय. बसला धरून."

"मग?"

"मंग काय. सकाल झाली."

"आणि तो पोरगा?"

"त्याचं लगीन झालं नंतर. मला बोलावलं व्हतं. रजा नाय मिलाली." आणि हातांवर थुंकी घेऊन त्यांनी पुन्हा पहार उचलली.

विहिरीला पाणी लागलं असतं तर ही हकीकत जास्त शोभली असती. लागलं नाही. तीन पुरुष खोल गेल्यावर कातळाने हात टेकायला लावले. पण तोवर टाळंच निघालं. आठातला एकही जण मध्येच गाव गाठून बसला नव्हता, आणि पाटलाची बायको मुलीला घेऊन बोईसरला यायला तयार झाली होती. तिच्यासाठी मोठी जागा बघ म्हणून सुभेदारच त्याच्या मागे लागले आणि सामान हलवताना पाट्याचा दगड त्यांनीच डोक्यावर घेतला. त्यानंतर दीड-दोन वर्षांत आम्ही सगळेच पांगलो. कुणाचं लग्न, कुणाची कॉलनीतली जागा. मला वापीला नोकरी लागली. प्रत्येक वेळी सुभेदार सामान बांधायला पुढे, दोऱ्या त्यांच्या, गाठी त्यांच्या. त्यांनी बांधलेली माझी वळकटी उघडायला मला वापीत कोयता लागला.

बऱ्याच वर्षांनी मी त्यांना भेटायला गेलो. खोल्या भरलेल्या होत्या, पण ठेकेदाराने आणलेल्या माणसांनी. महिना-दोन महिने राहायची आणि बदलायची. नावं पाठ होईपर्यंत निघून जायची. ओट्यावर बसलेल्या एका पोराने मला हळूच विचारलं, "आप इनके रिश्तेदार हैं? ये बुड्ढा पैर क्यों देखता है?" मी काहीतरी सांगितलं. सुभेदार वाकले होते, कानाने कमी ऐकू येत होतं. पाटलाचं काय, अमक्याचं काय, सगळ्यांची चौकशी त्यांनी केली आणि मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. ते फार नव्हतं.

संध्याकाळी मी नको नको म्हणत असताना ते मला पोचवायला बोईसर स्टेशनवर आले. फलाटावरच्या बाकावर बसलो. गाडीला वेळ होता. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सुभेदार, लढाईत तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?"

त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

"तितं भीती वाटली की बाजूला कोनतरी असायचा," ते म्हणाले. "इतं संध्याकाल झाली की वाटते."

गाडी आली. लोक चढले, उतरले. सुभेदार उठून उभे राहिले, माझी पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती पुन्हा बाकावर ठेवली आणि म्हटलं, "पुढच्या गाडीने जातो. ते खेचर नदीत उतरलं की नाही, ते तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

"उतरलं कसलं!" ते म्हणाले आणि खाली बसले. गाडी सुटली. फलाट रिकामा झाला, आणि सुभेदार अगदी पहिल्यापासून सांगू लागले.