झाडाचं एकुलतं सीताफळ

आमच्या अड्यारच्या इमारतीत तळमजल्यावर एक ख्रिस्ती बाई राहतात. मी त्यांना अक्का म्हणते. त्या भरभर तमिळ बोलतात, आणि मला समजलं नाही की तेच पुन्हा सावकाश सांगतात. कंटाळत नाहीत.

फाटकाजवळचं सीताफळाचं झाड त्यांच्या यजमानांनी लावलेलं. गेल्या वर्षी ते वारले. यंदा झाडाला पहिल्यांदाच फळ धरलं, तेही एकच. अक्का रोज सकाळी त्यावरच्या मुंग्या पदरानं झटकायच्या. मला वाटलं, यजमानांची आठवण म्हणून त्या स्वतः खातील.

रविवारी बघते तर ते फळ धुऊन, पांढऱ्या रुमालात गुंडाळून त्या चर्चला निघालेल्या. पहिलं फळ देवाला वाहायची त्यांच्यात रीत आहे.

मी सहसा कुणाला काही विचारत नाही. त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, "अक्का, एकच तर आहे. दुसरं आलंच नाही तर?"

"वेडी गं तू! मागून येणारच आहेत, म्हणून तर हे पहिलं. मेलेल्यांतून आमचा येशू असाच पहिला उठला. त्याच्या मागून आमचे हे उठतील."

त्यांनी रुमालाची घडी नीट केली.

"रेशनच्या रांगेत यांना कधी धीर नसायचा," त्या म्हणाल्या. "आता राहू देत उभे!"

वाटेत रडतील म्हणून मी सोबत जायला चपला घातल्या होत्या. नुसतं फाटक उघडून दिलं. त्या एकट्याच, ताठ मानेनं चालत गेल्या.